परदेशी रोपांची हौस आणि सरकारी नियम



आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्जांत चाळीस-पन्नास कुंड्या आहेत, आणि त्या कुंड्यांवर बाईंचा पोटच्या लेकरांसारखा जीव आहे. गेल्या वर्षीं त्यांनीं मोबाइलवर परदेशांतील एका विक्रेत्याकडे शोभेचा एक वेल पाहिला. हिरव्या पानांवर कोणी चुन्याचे शिंतोडे उडवावे, तसें त्याचें रूप होतें. किंमत परवडण्यासारखी होती आणि 'भारतांत घरपोंच पाठवूं' असें खालीं लिहिलेलें होतें. बाईंनीं पैसे भरले. तीन आठवड्यांनीं वेल आला नाहीं. आलें तें एक पत्र. आपल्या नांवें आलेल्या पुडक्यांत जिवंत वनस्पति आढळली, तिच्यासाठीं आयात परवाना घेतलेला नाहीं, ती जेथून निघाली त्या देशाचा आरोग्य-दाखलाहि सोबत नाहीं, सबब ती नष्ट करण्यांत येत आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पैसे गेले आणि वेलहि गेला. बाई तें पत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही झाडाझुडपांचें पुष्कळ वाचतां. मला एवढेंच सांगा, वीतभर फांदीनें देश बुडणार होता काय?"

प्रश्न रागाच्या भरांत विचारलेला असला, तरी तो अगदीं रास्त आहे. शहरांतून बागकामाची हौस वाढली आहे, आणि जगांतील कोणतीहि रोपवाटिका आतां घरबसल्या धुंडाळतां येते. पैसे भरणें सोपें झालें. नियमांची माहिती मात्र तितकी सोपी झालेली नाहीं. म्हणून बाईंना त्या दिवशीं जें उत्तर मीं दिलें, तेंच थोड्या विस्तारानें आज आपणांपुढें मांडणार आहें.

प्रथम वीतभर फांदी काय करूं शकते, तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील हौशी बागाइतदार आणि रोपविक्रेते अमेरिकेंतून द्राक्षाच्या वेली मागवीत असत. कोणास त्या नवलाई म्हणून हव्या असत, तर कोणास भुरी रोगाला दाद न देणारी जात हवी असे. पूर्वीं शिडाच्या जहाजांना महासागर ओलांडावयास इतके दिवस लागत कीं, मुळ्यांवरील किडे वाटेंतच मरून जात. पुढें आगबोटी आल्या, प्रवास थोड्या दिवसांचा झाला आणि किडेहि जिवंत उतरूं लागले, असें मानतात. मुळ्यांतील रस शोषणारा फिलॉक्सेरा नांवाचा किडा डोळ्यांना जेमतेम दिसतो. परंतु सन १८६० नंतरच्या तीस वर्षांत त्यानें फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचा फार मोठा भाग वाळवून टाकला. अखेर त्याच अमेरिकन वेलींच्या खुंटांवर फ्रेंच द्राक्षांचीं कलमें बांधून तो धंदा वांचवावा लागला. सन १८७८ मध्यें युरोपांतील कांहीं राष्ट्रें बर्न येथें जमलीं आणि या किड्याविरुद्ध त्यांनीं आपसांत करार केला. बाईंच्या हातीं जें पत्र पडलें, त्याचें मूळ शोधीत गेल्यास तें या करारापर्यंत पोहोंचतें.

आयर्लंडची हकीगत याहून करुण आहे. सन १८४५ मध्यें बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवानें तेथील बटाट्याचें पीक करप्यानें काळें पाडलें. हा रोग मूळचा अमेरिका खंडांतील. तो समुद्र ओलांडून युरोपांत आला होता. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें आणि तापानें मेलीं, आणि तितकींच किंबहुना अधिक माणसें देश सोडून गेलीं. त्या अनर्थाला राज्यकर्त्यांची अनास्थाहि कारण झाली, हें खरें. परंतु त्याचा आरंभ एका रोगट कंदापासून झाला होता.

कोणी म्हणेल, या दूरच्या आणि जुन्या गोष्टी झाल्या. तर मग जवळच्या पाहूं. सह्याद्रीच्या उतारांवर, गांवकुसावर, रानावनांत जी घाणेरी माजली आहे, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें फुलझाड म्हणून हिंदुस्थानांत आणली गेली. पुण्याच्या मुळा-मुठेंत, कोल्हापूरच्या पंचगंगेंत आणि मुंबईच्या पवई तलावांत जी जलपर्णी दरवर्षीं यंत्रें लावून उपसावी लागते, तीहि दक्षिण अमेरिकेंतून तिच्या जांभळ्या फुलांसाठीं आलेली. दोन्ही झाडें चोरपावलांनीं आलीं नाहींत; सौंदर्याच्या हौसेनें आपण त्यांना पालखींत बसवून आणलें. गाजरगवताची गोष्ट थोडी निराळी आहे. सन १९५५ मध्यें पुण्यांतील उकिरड्यांवर हीं झाडें तुरळक दिसलीं, अशी नोंद आहे. परदेशी गव्हाबरोबर त्याचें बीं आलें, असा सर्वत्र समज आहे. आज तें देशभर पसरलें आहे, आणि त्याच्या पायीं किती शेतकऱ्यांच्या अंगाला खाज सुटते व किती जणांचा दमा बळावतो, हें खेड्यांतील कोणीहि सांगेल. पहिलीं चार झाडें उकिरड्यावर उगवलीं, त्या वेळीं तीं उपटून जाळणें हें एका माणसाचें एका दुपारचें काम होतें.

अगदीं अलीकडील उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचें. हा मेक्सिकोकडील किडा सन २००८ मध्यें कोइमतूर येथें आढळला. तामिळनाडूंतील पपईच्या बागा आणि रेशमाच्या किड्यांसाठीं लावलेली तुती त्यानें पांढरी करून टाकली. लौकरच तो महाराष्ट्रांतहि आला. तो जास्वंदीवरहि पोसतो, म्हणजे शहरांतील कुंपणें हें त्याचें वसतिगृहच. फवारणीनें तो आटोपेना. अखेर सन २०१० मध्यें पोर्तो रिकोहून गांधीलमाशीच्या कुळांतील एक चिमुकला परोपजीवी कीटक सरकारी रीतीनें मागविला गेला, बंगलोर येथें त्याची परीक्षा झाली आणि मगच तो बागांत सोडला गेला. त्यानें हा उपद्रव आटोक्यांत आणला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ढेकूण परदेशी होता आणि त्याला मारणारा कीटकहि परदेशीच होता. फरक इतकाच कीं, एक विनापरीक्षा शिरला आणि दुसरा परीक्षा देऊन आला. सरकारी नियमांचा रोख परदेशीपणावर नाहीं. विनापरीक्षा शिरण्यावर आहे.

नियम यशस्वी झाल्याचा डंका वाजत नाहीं, कारण जी आपत्ति आलीच नाहीं ती कोणास दिसत नाहीं. तरीहि एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंतील कापसाच्या बोंडांचा सत्यानाश करणारा मेक्सिकन सोंडेकिडा इकडे येऊं नये, म्हणून सन १९०६ मध्यें सरकारनें असा हुकूम काढला कीं, अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरांतच उतरावा आणि त्याच्या गांठींना विषारी धुरी दिल्यावांचून त्या पुढें जाऊं नयेत. तो सोंडेकिडा आजतागायत हिंदुस्थानांत आलेला नाहीं. वऱ्हाड-खानदेशांतील कपाशीला बोंडअळी आहे, इतर पुष्कळ शत्रु आहेत. परंतु हा एक शत्रु नाहीं.

आतां प्रत्यक्ष नियमांकडे वळूं. पिकांचा नाश करणारे कीटक व इतर उपद्रवी जीव यांच्यासंबंधींचा मूळ कायदा सन १९१४ चा आहे. त्याच्या आधारानें केंद्र सरकारनें सन २००३ मध्यें वनस्पतींच्या आयातीचा सविस्तर हुकूम काढला आणि १ जानेवारी २००४ पासून तो अमलांत आला. त्याची अंमलबजावणी फरिदाबाद येथील वनस्पति-संरक्षण संचालनालयाकडे आहे. मुंबईंत शिवडीनजीक हाजी बंदर मार्गावर त्याचें प्रादेशिक केंद्र आहे. या व्यवस्थेला 'क्वारंटाइन' म्हणतात. व्हेनिसच्या बंदरांत प्लेगच्या भयानें जहाजें चाळीस दिवस अडकवून ठेवीत. 'क्वारांता' म्हणजे चाळीस, त्यावरून हा शब्द निघाला. सन २०२० च्या साथीनंतर तो आपल्या घराघरांत सर्वांस ठाऊक झालाच आहे. माणसांना जें लागू, तेंच झाडांना लागू.

या हुकुमाचें पहिलें कलम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: माल निघण्यापूर्वीं परवाना. रोप असो, छाट असो, कंद असो कीं लावण्याचें बीं असो, तें परदेशांतून सुटण्याच्या आधीं मागविणाऱ्यानें आपल्या नांवाचा आयात परवाना काढलेला असला पाहिजे. हा परवाना दुसऱ्याला देतां येत नाहीं, आणि त्याची मुदत साधारणपणें सहा महिन्यांची असते. पुडकें बंदरांत येऊन पडल्यावर धांवपळ करून परवाना काढूं म्हटल्यास तें चालत नाहीं.

दुसरी अट दाखल्याची. रोप ज्या देशांतून निघतें, त्या देशाच्या सरकारी वनस्पति-संरक्षण खात्यानें तें तपासून 'हें निरोगी आहे' असा दाखला द्यावा लागतो. सन १९५१ मध्यें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें या दाखल्याचा नमुना सर्व देशांना समान करून दिला. आज १८० हून अधिक देश त्या करारांत आहेत. विक्रेत्यानें स्वतःच्या कागदावर 'रोप निरोगी' असें लिहिलें, तर तो दाखला होत नाहीं. पुष्कळ वनस्पतींच्या बाबतींत अमुक रोग नाहीं, अमुक कीड नाहीं, असें नांव घेऊन स्वतंत्रपणें लिहून द्यावें लागतें.

तिसरी अट मातीची. रोपाबरोबर माती, खत किंवा पालापाचोळा येतां कामा नये. चमचाभर मातींत सूत्रकृमींचीं अंडीं, बुरशीचीं बीजें आणि तणाचें बीं सहज मावतें. निलगिरींत सन १९६१ मध्यें बटाट्यावर आढळलेला सोनेरी सूत्रकृमि मातींत वर्षानुवर्षें दबा धरून राहतो, आणि म्हणून तेथील बटाट्याचें बेणें इतर प्रांतांत नेण्यावरहि निर्बंध घालावे लागले.

चौथी गोष्ट याद्यांची. हुकुमाला परिशिष्टें जोडलेलीं आहेत. एका यादींत अमुक देशांतून अमुक झाड मुळींच आणूं नये, असें आहे; उदाहरणार्थ, माडांना मारणारा असाध्य रोग फिलिपाईन्समध्यें असल्यामुळें तेथील नारळाच्या बियाण्याला बंदी आहे. कोंकणांतील माडांच्या वाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याला या ओळीचा अर्थ सांगावयास नको. दुसऱ्या यादींतील झाडें फक्त मान्य संस्थांनींच आणावयाचीं आहेत. तिसरींतील झाडें विशेष अटी पाळून कोणालाहि आणतां येतात. आणि जें झाड कोणत्याच यादींत नाहीं? बाजारांत नुकत्याच आलेल्या शोभेच्या झाडांपैकीं पुष्कळ या सदरांत पडतात. तेथें नियम असा कीं, त्या झाडाबरोबर त्या देशांतून कोणते रोग-किडे येण्याचा संभव आहे याचा सरकारनें प्रथम अभ्यास करावा आणि मगच परवाना द्यावा. यादींत नांव नाहीं म्हणून मोकळीक आहे, असा अर्थ पुष्कळजण लावतात. तो नेमका उलटा आहे.

एवढें सर्व जमलें, तरी रोप ठरलेल्या बंदरांतून, विमानतळांतून किंवा परदेशी टपालाच्या कचेरींतूनच आलें पाहिजे. तेथें अधिकारी तें तपासतात, आणि जरूर पडल्यास धुरी देतात. कित्येक वनस्पती त्यानंतरहि ठरलेल्या मुदतीपर्यंत मान्यताप्राप्त जागेंत इतर झाडांपासून अलग वाढवाव्या लागतात. कारण विषाणु तपासणीच्या दिवशीं पानांवर दिसेलच असें नाहीं. कधीं तो नवी पालवी फुटल्यावर प्रकट होतो. नियम मोडून आलेला माल सीमाशुल्काच्या कायद्याप्रमाणें निषिद्ध ठरतो. तो परत पाठविणें किंवा नष्ट करणें, याचा खर्च मागविणाऱ्यावर पडतो.

ऑर्किड आणि निवडुंग यांच्या शौकिनांना याखेरीज आणखी एक कायदा लागू होतो. दुर्मिळ वनस्पति-प्राण्यांच्या व्यापारासंबंधीं सन १९७३ मध्यें वॉशिंग्टन येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत सन १९७६ पासून आहे. सर्व ऑर्किडें आणि बहुतेक सर्व निवडुंग त्याच्या कक्षेंत येतात. आपल्या वन्यजीव कायद्यांत सन २०२२ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें हा करार देशाच्या कायद्यांतच आणला. कारण उघड आहे. पुष्कळ 'दुर्मिळ' रोपें रोपवाटिकेंत वाढविलेलीं नसतात. तीं कोठल्या तरी रानांतून ओरबाडून आणलेलीं असतात.

हें ऐकून बाई म्हणाल्या, "व्यापारी जहाजें भरभरून धान्य आणि लांकूड आणतात. त्यांना सोडून माझ्या फांदीचा पाठलाग कशाला?" शंका बिनतोड वाटते, पण तिचें उत्तर आहे. मोठा व्यापारी परवाना काढतो, त्याचा माल ठरल्या ठिकाणीं उतरतो आणि तेथें अधिकारी नमुना काढूं शकतो. टपालानें येणारीं हजारों पुडकीं मात्र कधीं 'भेटवस्तु' तर कधीं 'खेळणें' असें लेबल लावून येतात, आणि एकेक फोडून पाहणें कोणत्याच खात्याला साधणारें नाहीं. शिवाय किड्याला वजन कळत नाहीं. एका पानाच्या मागें चिकटलेली एक मादी पुरेशी असते. इटलीच्या दक्षिणेस आपुलिया प्रांतांत सन २०१३ मध्यें ऑलिव्हच्या झाडांवर एका जंतूचा रोग आढळला. पुढें लाखों झाडें वाळलीं, त्यांत शतकांपूर्वींचीं झाडेंहि होतीं. जंतूच्या वंशाचा माग काढतां, तो मध्य अमेरिकेंतून आलेल्या कॉफीच्या शोभिवंत रोपाबरोबर आला असावा, असें शास्त्रज्ञांना आढळलें.

बियांबद्दल तर गैरसमज अधिकच. बीं कोरडें, स्वच्छ, मातीचा लवलेश नाहीं. तें निरुपद्रवी असेल, असें वाटतें. परंतु कित्येक विषाणु बियांच्या सालीवर बसून प्रवास करतात. टोमॅटोच्या फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा एक विषाणु सन २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल आणि जॉर्डन येथें प्रथम दिसला आणि थोड्याच वर्षांत अनेक देशांत गेला. तो बियांबरोबर जातो, आणि माळ्याच्या हातांनीं एका झाडावरून दुसऱ्यावरहि जातो. सन २०२० च्या उन्हाळ्यांत अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथील हजारों घरांत न मागवितां बियांचीं पाकिटें येऊन पडलीं. कांहींवर तर 'दागिने' असें लिहिलेलें होतें. त्या ऑगस्टमध्यें आपल्या केंद्रीय कृषि मंत्रालयानेंहि राज्यांना सावधगिरीची सूचना दिली.

असें पाकीट आपल्या दारीं आलें तर काय करावें? तें पेरूं नये, फोडूं नये, आणि केराच्या टोपलींत किंवा खताच्या खड्ड्यांतहि टाकूं नये. गाजरगवत पुण्यांत पहिल्यानें कोठें दिसलें, हें आतांच सांगितलें. पाकीट आहे तसें दुसऱ्या पिशवींत बंद करावें, वरचें वेष्टण जपून ठेवावें आणि कृषि खात्याच्या किंवा वनस्पति-क्वारंटाइनच्या कचेरीला कळवावें.

आणि परदेशी झाड हवेंच असेल तर? मार्ग दोन आहेत. पहिला, वर सांगितलेल्या क्रमानें स्वतः परवाना काढण्याचा. तो बंद नाहीं; पण दोन-चार रोपांसाठीं लांबचा व खर्चाचा आहे. दुसरा मार्ग शहाणपणाचा. आपल्या देशांतील पुष्कळ रोपवाटिका रीतसर परवान्यानें मूळ झाडें आणतात आणि त्यांचीं रोपें येथेंच वाढवून विकतात. तेथें थोडे पैसे अधिक पडतील. परंतु 'हें रोप कोठून आलें, येथेंच वाढविलें काय?' असें विचारण्याचा आपणांस हक्क आहे आणि तो बजावावा. विक्रेता उत्तर टाळूं लागला, तर रोप कितीहि सुंदर असो, हात आखडता घ्यावा.

सरकारच्या बाजूनेंहि एक उणीव आहे. हे नियम सामान्य गृहस्थाला कळतील अशा सोप्या मराठींत, जेथें माणूस पैसे भरतो तेथेंच त्याच्या डोळ्यांपुढें आले पाहिजेत. पुडकें जाळल्यानंतर आलेलें पत्र माणसाला शिकवीत नाहीं; तें नुसतें चिडवितें.

शेवटीं एक कबुली देतों. कित्येक वर्षांपूर्वीं परदेशांतून परततांना मीं एका फुलझाडाचे तीन कंद मोज्यांत गुंडाळून पेटींत घातले होते. कोणी पाहिलें नाहीं. कंद रुजले, फुलेंहि आलीं. आलेल्या-गेलेल्यांना मीं तीं कौतुकानें दाखविलीं. कांहीं अनर्थ झाला नाहीं. पण तो झाला नाहीं, यांत माझें शहाणपण कांहींच नव्हतें. जुगार मी खेळलों होतों आणि पणाला लावलें होतें दुसऱ्याच कोणाचें तरी शेत. बाईंना हें सांगितलें, तेव्हां त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा वेल गेला, त्याच्या बदल्यांत कोणाची तरी पपई राहिली असेल, असें समजूं."

पुढच्या पावसाळ्यांत त्यांनीं येथल्याच एका रोपवाटिकेंतून तसलाच वेल आणला. आतां तो सज्जाच्या कठड्यावरून आमच्या खिडकीपर्यंत आला आहे. त्याची छाट मला मिळाली आहे, आणि ती मीं उघड्यावर, सर्वांना दिसेल अशी लावली आहे.